घुंगरांची काठी

हिरूला यापुढे कुणी काम देईल की नाही, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. हिरू माझी मुलगी. वय तेवीस, कर्जत स्टेशनसमोर शिलाईचं दुकान, आणि बोलताना समोर कोण आहे ते बघायची सवय नाही.

यंदा, चौऱ्याऐंशी साली, तिला मोठं काम आलं. आमच्या वस्तीतला सखा भीमगीतं गातो. मुंबईच्या एका कंपनीनं त्याची कॅसेट काढायचं ठरवलं. पाठोपाठ नेरळपासून नागपूरपर्यंत पंचवीस कार्यक्रम. सखाचे आणि चार साथीदारांचे कपडे हिरूनं करायचे होते. कंपनीच्या साहेबांची अट एकच, गावरान दिसलं पाहिजे.

हिरूनं बेत केला: खांद्यावर काळी घोंगडी, हातात घुंगरांची काठी. घुंगरं तिनं स्वतः बांधली. साहेब खूश झाले. सखानं मात्र काठी एकदा हलवून पाहिली, भिंतीला टेकवली आणि निघून गेला.

त्याला काय झालं, हे तिनं घरी येऊन मला विचारलं.

चूक माझी होती. माझे सासरे बुधाजी अशीच काठी वाजवत महारकीच्या कामाला जायचे. घुंगरं ऐकली की लोक अंग चोरून बाजूला व्हायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि काठी त्यांनी चुलीत घातली. मी बी.ए. झालेली, शाळेत इतिहास शिकवते, पण पोरीला हे कधी सांगितलं नाही. तिच्या कानावर ते नकोच, असं वाटायचं.

त्या रात्री सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिनं पाच पांढरे सूट बेतले. पहिल्या गाण्याला घोंगडी पांघरून यायचं, शेवटच्या कडव्याला ती खाली टाकायची, काठी मोडायची, आणि पुढचं सगळं सुटात गायचं, असं तिनं सखाला सांगितलं.

सखा हसायला लागला. "रोज मोडायची म्हंजे पंचवीस काठ्या लागतील गं."

"पन्नास देते. तू मोड."

साहेबांना हे पटेना. निदान कॅसेटवरच्या फोटोत तरी घोंगडी अंगावर हवी, सूट घातलेला शाहीर कोण विकत घेणार, म्हणाले. हिरूनं तिथल्या तिथे कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि परत आणलं. सखानंही करारावर सही केली नाही.

काल शाळेत साहेबांचा निरोप आला: तुम्ही शिकलेल्या आहात, मुलीला समजवा, उद्यापर्यंत फोन करा. मी खरंच समजवायला बसले. अशी संधी परत येणार नाही, म्हटलं. मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "आई, आजोबांनी काठी जाळली तेव्हा दुसरं काम हातात होतं का गं?"

नव्हतं. सहा महिन्यांनी ठाकुरवाडीला रुळांवर खडी टाकायचं काम मिळालं, तोवर घरात एकवेळच चूल पेटायची.

धास्ती अजून आहेच. तरी आज मधल्या सुट्टीत पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंककॉल लावणार आहे. साहेबांना सांगणार आहे, मी बुधाजींची सून बोलतेय. फोटोत घोंगडी जमिनीवर दिसणार असेल, तरच कपडे मिळतील.