खानाच्या भावाचा सिनेमा

काबूलमध्ये सिनेमा कसा आला, हे अख्ख्या चांदा जिल्ह्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. ही विद्या मी मागितली नव्हती. ती माझ्यावर ओतली गेली.

धान निघालं की मी माझा सिनेमाचा तंबू सावली गावाला लावत असे. नाव टुरिंग टॉकीज. ऐवज म्हणजे ठिगळांचं कापड, एक डिझेल इंजिन आणि एकच मशीन. एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, तेवढा वेळ पब्लिक मोकळं. हिंग विकत फिरणारा एक काबुली खान नेमका तेव्हा उभा राहायचा.

"हमारा मुलुक में पहला मशीन बादशाह का महल में आया," तो सुरू करी. तेव्हा ते फक्त दरबारानं बघितलं. मग दुसऱ्या बादशहानं बागेत पडदा लावून रयतेला दाखवलं. मग थेटर आलं, मग गादी उलटली, थेटर बंद. मग पुन्हा थेटर, आणि त्यात हिंदुस्थानचेच सिनेमे!

"तुमच्यावाला सिनेमा नाई काऊन गा खानभाऊ?" कुणीतरी विचारलं, आणि माझं नशीब फुटलं.

होता. एक. फाळणीआधी काबूलची मंडळी लाहोरला गेली आणि तिथं तो काढला. त्यात घोड्यावरून येणाऱ्या गर्दीत खानाचा धाकटा भाऊ होता, असं घरून पत्र आलं होतं. खानानं घर सोडलं तेव्हा तो पोरगा होता. आता मोठा झालेला त्याचा चेहरा खानाला एकदा बघायचा होता. घरी जाणं जमत नव्हतं. मी सिनेमावाला, म्हणजे तो सिनेमा आणणं माझं काम! दर हिवाळ्यात तंबूची पहिली खुंटी ठोकली की हा हजर: "लाया?"

नागपूरच्या एजंटाला मी खरंच विचारलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"खान, तो सिनेमा मिळत नाही. मिळणारही नाही," शेवटी एका वर्षी मी भर तंबूत सांगून टाकलं. रीळ चढवून तयार होतं. खान मटकन बसला.

आता आमच्या झाडीपट्टीचं पब्लिक दंडारीच्या नाटकांवर वाढलेलं. नट आवडला की खेळ थांबवून वन्स मोर, थांबवूनच बक्षीस. सिनेमालाही तेच लावायचे. पडद्यावरच्या नटीसाठी एकानं लाखोळीची डाळ आणली होती, आणि ती पोचती करत नाही म्हणून माझ्याशी भांडला होता.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "नाई भेटत त मंग तूच कर ना बाप्पा. उठ."

"आजीबाई, माझं रीळ..."

"तुमचं रीळ कुठी पळून राह्यलं?"

खान पडद्यापुढं गेला. कधीही न बघितलेला सिनेमा त्यानं सुरू केला. नायिका हिंदुस्थानातून घेतली होती, कारण त्यांच्या मुलुखातल्या बायका सिनेमात कामं करत नव्हत्या. यावर तंबूत हळहळ पसरली.

"आमच्या दंडारीतला गडी नेला असता! लुगड्यात बाईहून झाक दिसते!"

मग घोडे आले. खान तोंडानं टापा वाजवत, लगाम खेचत या टोकाहून त्या टोकाला गेला. "ये मेरा भाई!"

"वन्स मोर!"

तो पुन्हा आला. डाळवाल्यानं डाळ त्याच्या पायाशी ठेवली. पुन्हा वन्स मोर. मी घंटी बडवली. कुत्रंसुद्धा वळलं नाही.

"दाढी कशी हाय गा त्याची?" मागून आवाज आला.

खान थांबला. हात लगामावर तसाच.

"मालूम नहीं," तो म्हणाला. "मैं निकला, तब दाढ़ी नहीं था."

 खांबाला टेकलेला माझा गेटकीपर दार सोडून पुढं आला.

"मंग बिनादाढीचाच येऊ दे," म्हातारी म्हणाली. "वन्स मोर."

खानानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं आणि मागं जाऊन पुन्हा लगाम धरला. कंदिलाच्या उजेडात त्याचं काही धड दिसत नव्हतं. मी वैतागून मशीनमधलं रीळ काढलं आणि नुसता दिवा पडद्यावर सोडला. पडद्यावर त्याची ही भली मोठी सावली घोडा उधळत आली. डिझेल माझं जळत होतं, खेळ माझा बुडत होता, आणि एवढं तरी सुनावावं म्हणून मी दिव्यासमोर उभा राहिलो.

"बस ना भाऊ," म्हातारी ओरडली, "त्याचा भाऊ दिसून नाई राह्यला!"