सवा सुताचा फरक

पहाटेचे चार वाजून पन्नास मिनिटं. मिस्त्री दाराच्या चौकटीला सरस लावतो आहे. ऊन चढलं की ब्रश फिरेपर्यंत सरस वाळतो आणि सांधा धरत नाही, म्हणून या गावात सरसाचं काम उजाडायच्या आत उरकावं लागतं. उरलेल्या दिवसात करवत आणि घासकाम. दुपारी पत्रा तापून कडकडू लागला की तो दुकानात पाणी शिंपडून आडवा होतो. पाठ टेकेपर्यंत फरशी पुन्हा कोरडी.

इथे पाऊस पडतो, पण त्याला कोणी हिशेबात धरत नाही. हवेत ओल म्हणून नाही. धुतलेले कपडे वाळत घालताना शेवटच्या चिमट्याशी पोचावं, तर पहिला टॉवेल वाळलेला. पाव उघडा राहिला तर तासाभरात दगड. दांडा आकसून हातोडीचं डोकं उडतं, म्हणून मिस्त्रीच्या हातोड्या रात्रभर पाण्याच्या बादलीत उभ्या असतात. दारंही आकसतात, फटींतून धूळ घरात येते आणि उन्हाळाभर लोक तीच एक तक्रार घेऊन दुकानात येतात. मिस्त्री पट्ट्या मारून देतो. आकसणारं लाकूड त्याला तीस वर्षांत पाठ झालं आहे. त्याचा ड्रॉवर एका बोटानं उघडतो, असं गावात म्हणतात. दुकानाला पाटी लावायची त्याला कधी गरज पडली नाही.

त्याची मुलगी समुद्रकाठच्या शहरात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं तिथे संसार मांडला, तेव्हा त्यानं चार ड्रॉवरचं कपाट करून ट्रकनं पाठवलं. दर फोनला तो विचारी, "कपाट कसं आहे गं?" ती म्हणे, "एक नंबर, बाबा."

तीन महिन्यांपूर्वी बायकोच्या तोंडून निसटलं. कपाट पोचून पंधरा दिवस झाले नसतील, चारही ड्रॉवर फुगून अडकले. मुलीचे कपडे तेव्हापासून पलंगाखालच्या सुटकेसमध्ये आहेत. जावई तिथला सुतार बोलावत होता. तिनं येऊ दिला नाही. बाबांच्या कामाला दुसऱ्याचा रंधा लागायचा नाही, म्हणाली.

"आणि तू दोन वर्षं गप्प?" मिस्त्री म्हणाला.

"तिनं शपथ घातली होती. बाबा जेवायचे नाहीत, म्हणाली."

"जेवलो असतो."

"हो, आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्याशी भांडला असता."

त्या दिवशी त्यानं मुलीला फोन केला. रागावला नाही. फक्त विचारलं, "तिथे लाकूड किती फुगतं?"

"बाबा, इथे डब्यातलं मीठ रडतं. काडेपेटी शेगडीजवळ ठेवते, तेव्हा कुठे पेटते. लाकडाचं मी काय सांगू? तुम्ही या ना एकदा."

"उन्हाळा सरू दे."

"आपल्याकडे सरतो कधी तो?" बायको मागून म्हणाली.

तो गेला नाही. त्यानं त्याच जातीच्या लाकडाची वीतभर रुंद फळी घासून, रुंदी टिपून मुलीकडे पाठवली. महिनाभर घरात ठेवायची. किती फुगली त्यावरून तो नवे ड्रॉवर करणार होता. मुलगी म्हणाली, मोजून कळवते. "तुझ्या शाळेच्या पट्टीवर काय भरवसा? फळीच परत पाठव," मिस्त्री म्हणाला.

पार्सल यायला आठ दिवस लागले. मिस्त्रीनं माप लावलं. केसाचाही फरक नाही. त्यानं तिथल्या तिथे स्पीकरवर फोन लावला.

"पोरी, फळी ठेवली तरी होतीस का?"

"स्वयंपाकघरात ठेवली होती! पाठवताना मोजली पण. सवा सूत वाढली होती." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराच्या पोरीला तो शिकवावा लागत नाही.

शेजारचा इस्त्रीवाला दारातून सगळं ऐकत होता. तो हसत सुटला. "मिस्त्री, ओला शर्ट टपालानं पाठवला तर ओला पोचेल का? वाटेत वाळली ती!"

मिस्त्री खजील झाला. फळी दोनदा उलटसुलट केली आणि बाजूला ठेवली.

"पोरगीही इकडे येते तेव्हा दुसऱ्या दिवशी ओठ फुटतात तिचे," बायको म्हणाली.

फोन अजून चालूच होता. "बाबा," मुलगी म्हणाली, "सवा सूत महिन्याभराचं आहे. पावसात आणखी फुगेल. मापं मी कितीही पाठवीन, पण रंधा कोण मारणार?"

त्यानं फोन ठेवला. तिकडे का जात नाही, ते त्या संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं. उन्हाळ्यातली कामाची गर्दी हे निमित्त होतं. "फुगलेल्या लाकडाला मी कधी हात लावलेला नाही. तिथे जाऊन मलाच जमलं नाही, तर तिनं दोन वर्षं तिथल्या सुताराला कुणासाठी दारात अडवलं?"

"नाही जमलं तर नाही जमलं. चार दिवस तिच्या हातचं जेवाल."

"आणि कपाट?"

"कपाटाचं काय? ती बंद कपाटालाही एक नंबर म्हणते."

मिस्त्री हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन तिकिटं काढून आला.

आजची चौकट ही हातातलं शेवटचं काम. संध्याकाळी गिऱ्हाईक ती घेऊन जाईल. दोन रंधे गोणपाटात बांधून झाले आहेत. मुलीनं सुट्टी टाकली आहे आणि पोचाल त्या दिवशी कपाटाला हात लावायचा नाही, आधी झोपायचं, असं बजावलं आहे. मिस्त्रीनं हो म्हटलं आहे. बायकोचा त्यावर विश्वास नाही.

उद्यापासून दहा दिवस दुकान बंद. दारांच्या तक्रारी इस्त्रीवाल्याकडे सांगायच्या. बस उद्या सकाळी सहाला सुटते; अकरा आणि बारा नंबरच्या जागा त्यांच्या आहेत.