वॉरंटीच्या पाकिटातला कागद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नलूलाही नाही. तिला सांगता येईल असे दिवस होते, तेव्हा सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आधी नलूच्या हिंदीबद्दल सांगतो. लग्न होऊन ती मिरजेहून लखनौला आली, तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत शेजारणींकडून शिकली, आणि अशी शिकली की अमीनाबादचे कापडवाले तिला लांबून बघूनच म्हणायचे, "भाभीजी आ गईं, अब हमारा क्या बचेगा!" मी पिशवी धरून मागे उभा. तिचा तो भांडणारा, खुशीतला आवाज... तो ऐकायला मी आज काय देणार नाही?

पण मी विषय टाळतोय.

नलूच्या आईला म्हातारपणी विसर पडत गेला, शेवटी ती पोटच्या मुलींनाही ओळखेना. ते पाहून आल्यावर नलूने आमच्या गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये बसून एक कागद लिहिला. माझी बुद्धी चालेनाशी झाली तर माझ्याबद्दलचे सगळे निर्णय माझी धाकटी बहीण कुसुम हिने घ्यावेत, आणि मला मिरजेला तिच्या घरी न्यावं. आम्हाला मूलबाळ नाही. मला राग आला — मी असताना कुसुम कशाला? नलू हसली. "अहो, तुम्ही माझा निर्णय घ्यायला बसाल आणि स्वतःचाच घेऊन उठाल."

साक्षीदार म्हणून शेजारच्या दोघांनी सह्या केल्या. कागद मराठीत, त्यांना कुठला कळणार? "भाभीजी, कहीं हमारा मकान तो नहीं लिखवा लिया?" म्हणत चहा पिऊन गेले. म्हणजे बघा — त्या कागदात काय आहे हे नलूशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. मला.

दिवाळीला मिरजेला गेल्यावर ती तो कुसुमच्या हातात देणार होती. ते जाणं झालंच नाही. त्याआधीच तिला विसर पडू लागला.

आणि आधी काय गेलं, माहीत आहे? हिंदी. एवढ्या वर्षांची हिंदी सहा महिन्यांत पुसली गेली. उरली ती मिरजेची मराठी.

मग कुसुमचा फोन आला. "भावोजी, ताई काहीतरी लिहून ठेवणार म्हणत होती. लिहिलंय का हो?"

मी टेबलाशी उभा होतो. कागद त्याच टेबलाच्या खणात होता.

"नाही गं. राहूनच गेलं."

"मग तुम्ही ठरवाल तसं," ती म्हणाली. तिने कशाला शंका घ्यावी?

फोन ठेवला आणि कागद स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या वॉरंटीच्या पाकिटात सरकवला. फाडला नाही. नोकरीभर मी गाड्यांच्या स्प्रिंगांच्या चाचण्या केल्या, नापास झालेल्या स्प्रिंगचा अहवालही कधी फाडला नव्हता. पण लपवलेल्या कागदाला न फाडल्याचं काय मोल?

का केलं? कुसुम तर मलाही ये म्हणाली असती. पण मेहुणीच्या घरी पाहुणा होऊन राहायचं? आणि खरं सांगू? — सकाळच्या चहाला समोरच्या खुर्चीत नलू हवी होती. माझ्या घरात, माझी. मला ओळखत नसली तरी.

तिला सांभाळायला सावित्री यायची. मायाळू बाई, पण मराठीचा एक शब्द कळत नव्हता. जानेवारीतल्या एका सकाळी मी बागेत फिरून, गप्पा मारून दोन तासांनी परतलो. सावित्री रडकुंडीला आलेली. "बाबूजी, माताजी कब से कुछ माँग रही हैं, समझ में नहीं आ रहा।" उशाशी पाणी, बिस्किटं, फणी, देवाची तसबीर — सुचेल ते सगळं तिने आणून ठेवलं होतं. नलू पाय पोटाशी घेऊन पडली होती. खोलीत ऊन आलं म्हणून रजाई घडी करून खुर्चीवर ठेवलेली.

"पांघरूण," नलू म्हणाली. अगदी हळू. पुष्कळदा म्हणून झाल्यासारखं.

मी रजाई घातली. मग दहा-बारा मराठी शब्द अर्थासह लिहून कागद फ्रिजवर चिकटवला. त्याच फ्रिजवर, त्याच हाताने! मिरजेला फोन मात्र त्या दिवशीही केला नाही. त्यानंतर नलूने आणखी दोन हिवाळे काढले. रोज नवा शब्द निघायचा, आणि तो माझ्या यादीत नसायचा.

तेराव्याला कुसुम आली होती. माझे हात धरून म्हणाली, "भावोजी, ताईला तुम्ही फुलासारखं जपलंत." मी ऐकून घेतलं. मानही हलवली.

काल पाकिटातून तो कागद काढला. हे लिहून झालं की दोन्ही कुसुमला पाठवतो आहे. उत्तराची वाट पाहणार नाही, तो हक्क मला नाही.

समोरची खुर्ची रिकामी असते. सकाळी चहा घेताना मला मिरजेचं ते स्वयंपाकघर दिसतं, जिथे नलू कधी पोहोचलीच नाही. दोघी बहिणी शेंगा सोलत बसल्या आहेत. नलूला कुसुमचं नाव आठवत नाही. ती नुसतं "पांघरूण" म्हणते. कुसुम उठते, आणि घालते.