फ्रान्सचा गव्हाळ राजा

लग्न झालं तेव्हा मी बुलढाण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, तोही कच्चा. कच्चा म्हणजे हाताने नव्हे, नोकरीने. वऱ्हाडचे सगळे महत्त्वाचे कागद तेव्हा नागपूरला जायचे आणि परत यायची त्यांना मुळीच घाई नसायची. मला कायम करण्याचा कागदही असाच गेला होता तो गेलाच होता.

सासरे सुलतानपूरचे, भरपूर जमीन बाळगून असलेले. मुलगा शिकलेला आहे एवढं ऐकून त्यांनी मुलगी दिली होती. शिकून हा चित्रं काढतो, हे त्यांना मांडवात कुणीतरी सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की नोकरी पक्की झाल्याशिवाय मुलगी भाड्याच्या खोलीत नांदायला यायची नाही. वर्ष उलटलं, ती तिकडे आणि मी इकडे स्टोव्हवर भात करपवत बसलेलो. मला ती फार आवडली होती. या वयात हे लिहायला आता कसली लाज? तिच्याशी मी दिवाळसणात मोजून चार वाक्यं बोललो होतो आणि तीच वर्षभर पुरवून पुरवून आठवत होतो.

त्या वर्षी गणपतीच्या मांडवात रंगवलेले पडदे लावायचे असं ठरलं. उत्सवाचे पुढारी एक वकील होते. आदल्या साली आपल्याच इतिहासातली एक लढाई रंगवली, तर फौजदाराने पडदा गुंडाळायला लावला होता, ते त्यांच्या मनात सलत होतं. मी त्यांना शाळेच्या कपाटातलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दाखवलं. त्यात फ्रान्सच्या एका जुन्या राजाच्या लढायांची चित्रं होती. सात-आठशे वर्षांपूर्वीचा हा राजा. इंग्रजांच्या राजाने त्याच्या मुलखात बांधलेले किल्ले त्याने एकेक करून हिसकावून घेतले होते. वकिलांनी पानं उलटली, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, राजा परका, लढाई परकी, पुस्तक शाळेतलं, कोण काय म्हणणार?

पुस्तकातली काही चित्रं जुन्या हस्तलिखितांतून घेतलेली होती, तळहाताएवढी. काही पुष्कळ नंतरच्या भिंतभर तैलचित्रांवरून छापलेली. गंमत म्हणजे एकातला राजा दुसऱ्यातल्या राजाला ओळखणार नाही. एकात तो कोवळा, बिनदाढीचा. दुसऱ्यात दाढीवाला, जाडा. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी त्याला पाहिलेलंच नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या डोळ्यांसमोरचा राजा काढला होता. हे ध्यानात आलं तेव्हा मला भलताच धीर आला.

मांजरपाटावर चिंचोक्याची खळ चढवून मी तीन पडदे तयार केले. पहिल्यात किल्ल्याचा वेढा, शेवटच्यात राजाची मिरवणूक. मधला माझा लाडका. समोर इंग्रजांच्या राजाने पैसा पुरवून उभी केलेली फौज. ऐन लढाईत तिच्या प्याद्यांनी आकड्या घालून राजाला घोड्यावरून खाली ओढलंय, आणि तो खोगिराला हात घालून उठतो आहे. घोड्याच्या अंगभर निळी झूल, तिच्यावर सोनेरी फुलं. पोळा नुकताच झाला होता, त्यामुळे झूल माझी झकास उतरली. चेहऱ्यांची मात्र पंचाईत झाली. गोरे असे मी क्लबाच्या वाटेवर दिसणारे दोन-तीन साहेबच पाहिले होते. तेच मी दोन्ही फौजांत सढळ हाताने वाटून टाकले.

पहिल्या संध्याकाळी गॅसबत्त्या लागल्या आणि माणसं आली. पाहिलं, झुलीचं कौतुक केलं, प्रसाद घेतला आणि निघाली. मी पडद्याशी उभा राहून घसा बसेपर्यंत समजावून सांगत होतो. मोताळ्याकडचा एक शेतकरी शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मास्तर, याच्यात आपला कोणता? गोऱ्यानं गोऱ्याले पाडलं तं आपून काऊन पाहाचं?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अडाणी, अरसिक, काय काय मनात आलं. खोलीवर येऊन भात करपवला आणि तो खाताना कळलं की माणूस बरोबर बोलला. कोण कुणाचा हेच कळत नसेल, तर राजा पडला काय आणि उठला काय!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शिडी लावली. गेरूत पिवडी कालवली, थोडं काजळ घातलं आणि फ्रान्सच्या राजाला उन्हात राबलेल्या आपल्या माणसाचा रंग दिला. त्याच्या शिपायांनाही दिला. समोरचे होते तसेच गोरे ठेवले. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांसमोरचा काढायचा असेल, तर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं होतं कोण?

त्या संध्याकाळी मला तोंड उघडावंच लागलं नाही. लोक मधल्या पडद्यापाशी आले की थांबायचे. झुलीवरची फुलं त्यांनी कपाशीची ठरवून टाकली. उठणाऱ्या राजाला कुणा बाईने हळदकुंकू लावलं. दोन दिवसांत मोताळ्याकडून घाट चढून गाड्या येऊ लागल्या. मी आनंदाने नुसता वेडा झालो होतो.

मग फौजदार आला. माणूस तसा सभ्य. त्याने तिन्ही पडदे नीट पाहिले आणि फ्रान्सचे लोक गव्हाळ कधीपासून झाले, असं मला विचारलं. मी चित्रकाराच्या स्वातंत्र्यावर चार शब्द सुरू केले, ते त्याने हात वर करून थांबवले. उद्या संध्याकाळच्या आत राजा गोरा झाला पाहिजे. नाहीतर पडदा उतरेल आणि माझं नाव वर जाईल. रात्रीच हेडमास्तरांनी घरी बोलावलं. तुमचा एक कागद आधीच नागपुरात आहे, त्याच्या मागोमाग हा दुसरा पाठवायचा का, एवढंच ते म्हणाले. मला नोकरी दिसत नव्हती, सुलतानपुरात थांबलेली बायको दिसत होती.

त्यात मेहकरच्या मोटारवाल्याने निरोप आणला की पडद्यांची चर्चा ऐकून सासरे उद्याच येताहेत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सफेदा कालवून शिडीवर चढलो. आधी शिपाई, मग राजा. मांडवातली माणसं खाली उभी राहून बघत होती. मला रडू येत होतं. राजाचा चेहरा पुसताना तर दोनदा हात थांबला.

संध्याकाळी सासरे आले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, चेहरा चौकशीला आलेल्या माणसाचा. मी त्यांना पडद्यांपाशी नेलं. शेजारी घाटाखालून आलेली एक म्हातारी आपल्या सुनांना चित्र समजावत होती. खाली पडलेल्यावर बोट ठेवून तिने हा आपला, म्हणून सांगितलं. सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. हा तर गोरा दिसतो, तुमचा कसा, असं त्यांनी तिला विचारलं.

म्हातारी म्हणाली, "पाव्हणे, काल तो आपल्यावानीच होता. फौजदारानं मास्तरले पांढरा रंग द्याले लावला. रंगाचं काय घेऊन बसले? तो उठून राह्यला ते पाहा."

सुनांनी मान डोलावली आणि पुढे आलेल्या बायांना तेच सांगायला लागल्या. मी पाहत राहिलो. सगळ्या मांडवात हेच चाललं होतं. जुने नव्यांना सांगत होते की पांढरा दिसतो तो आपला आहे. माझा सफेदा एकट्या फौजदारालाच दिसत असावा.

मग सासरे मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, आपला रंग दिला तव्हा नोकरीचा इचार नव्हता केला का?"

मी खरं ते सांगितलं. नव्हता केला.

"आन पांढरा देताना?"

"तुमच्या लेकीचा केला," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कुणीतरी राजाला नवं कुंकू लावत होतं, पांढऱ्यावर ते चांगलंच उठून दिसत होतं. सासऱ्यांनी उपरणं सारखं केलं.

"नोकरी पक्की व्हईल तव्हा व्हईल," ते म्हणाले. "दसऱ्याला तिला आणून सोडतो. तवर खोलीत एक चूल घालून ठेवा."