चंद्रिका आणि न काढलेला दाखला

चंद्रिका मला पहिल्यांदा दिसली ती सोलापुरात, कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत. कुबडीवर भार देऊन ती वळसंग गावच्या एका बापाला समजावत होती. अपंग मुलांना प्रवेश मिळवून देणं हेच तिचं काम. त्याची धाकटी मुलगी दानेश्वरी, माझी जुनी विद्यार्थिनी, कानांनी अधू. गुण थोडे कमी पडले होते. राखीव जागेसाठी अपंगत्वाचा दाखला हवा होता.

“दाखला काढला तर गावभर होतंय की, ताई. थोरलीचं जमलेलं लगीन मोडंल.”

“आणि हिचं काय, अण्णा?”

“हिला येतंय की ऐकू. जरा मोठ्यानं बोला.”

दानेश्वरी दोघांच्या ओठांकडे बघत होती.

मुदत संपली, जागा गेली. थोरलीचं लग्न झालं. दानेश्वरी घरीच राहिली. चंद्रिका हल्ली बारावीची वाट पाहत नाही. मुलं आठवीत असतानाच दाखल्यासाठी त्यांच्या घरी जाऊन बसते.