मोहरीच्या वाटीतला गिअरबॉक्स

घरात एकदा गाडीचं इंजिन उतरवा, मग किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. आम्ही मागच्या वर्षी उतरवलं. अजूनही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, तो ऑइलचा सांगा ना!" मला फार आग्रह करावा लागत नाही.

गाडी माझ्या वडिलांची, अण्णांची. कृषी खात्यात असताना त्यांनी सेकंडहँड घेतलेली. तिच्यावरच मी ड्रायव्हिंग शिकले. सहा वर्षं ती आमच्या पोर्चमध्ये बंद उभी होती. इंजिन जाम, गिअर पडेना. दर दसऱ्याला मी तिला झेंडूचा हार घालायचे. मागच्या वर्षी आमचे हे म्हणाले, "आता सातवा हार नको. दसऱ्याला चालली तर ठेवू, नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल." अण्णा आमच्याकडेच राहतात. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसत राहिले. मला रडूच आलं. मग डोळे पुसले आणि सलीमभाईंना फोन लावला.

सलीमभाई म्हणजे शहागंजातले जुने मिस्त्री. आता गॅरेज मुलगा बघतो. आल्या आल्या त्यांनी स्टूल मागितलं. "भाभी, मैं सिरफ बोलूंगा. हात लगाने को डॉक्टर नक्को बोले."

हात लावायला होते हे आणि यांचे मित्र दादाराव. नोकरी शहरात, शेती वैजापूरकडं. विहिरीतली मोटर ओढायची लोखंडी तिपाई आणि साखळीची कप्पी ते शेतावरून घेऊन आले.

* * *

पहिल्याच रविवारी दोघांनी निघालेले सगळे नटबोल्ट एका बादलीत टाकले. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. मी शाळेत विज्ञान शिकवते, मला ते बघवेना. घरातला जुना मिसळणाचा डबा आणला. मोहरीच्या वाटीत गिअरबॉक्सचे, जिऱ्याच्या वाटीत इंजिनचे, हळदीच्या वाटीत स्टार्टरचे. सातव्या वाटीत यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातलं सटरफटर ओतलं.

"गाडी आहे की फोडणी?" हे हसले.

पण तासाभरात दादाराव गाडीखालून ओरडायला लागले, "वहिनी, ह्यो मोहरीतला हाय का जिऱ्यातला?"

* * *

आता तो ऑइलचा. हे गाडीखाली आडवे. मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढायचा होता.

"ऑइल निकाला ना?" सलीमभाईंनी स्टुलावरून विचारलं.

"केव्हाच!" हे म्हणाले आणि ओढला.

यांनी काढलं होतं ते इंजिनचं. गिअरबॉक्सचं वेगळं असतं, हे यांना तोंडावर पडल्यावर कळलं. मी फडकं घेऊन धावले. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला. आठवडाभरात अण्णा पहिल्यांदाच काही बोलत होते.

"जावईबापू, अभ्यंगस्नान दिवाळीला असतं!"

* * *

इंजिन उचलायचा दिवस. तिपाई उभी राहिली. दादाराव साखळी ओढायला लागले. घाम निथळला.

"लई जड हाय हो हे!"

"अजून ओढा, येतंय वर!" हे म्हणाले.

सलीमभाई स्टुलावरून ओरडले, "अरे इंजिन नै, पूरी गाडी उठ रई!"

बघितलं तर पुढची दोन्ही चाकं हवेत. खालचा एक बोल्ट सोडायचा राहिला होता. तो सोडल्यावर मात्र इंजिन गिअरबॉक्ससकट असं डौलात वर आलं की गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादारावांनी तर वाकून नमस्कार केला.

* * *

सलीमभाईंच्या मुलानं इंजिन दुरुस्त करून पाठवलं, तो नेमका महालक्ष्म्यांचा दिवस. पाऊस पोर्चमध्ये येत होता, म्हणून ते हॉलमध्ये टायरवर ठेवलं आणि वरून माझी जुनी हिरवी साडी टाकली. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. त्यांना कमी दिसतं. सरळ इंजिनासमोर बसल्या, हळदकुंकू वाहिलं, दोन केळी ठेवली आणि मला म्हणाल्या, "अगं, मुखवटे अजून चढवायचेत वाटतं?"

मी म्हटलं, "हो काकू, कार्ब्युरेटर यायचाय!"

* * *

इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा जोडताना बोटभर फट राहिली ती राहिलीच. हे ढकलून दमले, दादाराव दमले, सलीमभाई बोलून दमले. अण्णा काठी टेकत आले. "गिअरमध्ये टाका अन् मागून शाफ्ट जरासा फिरवा, दाते जुळतील."

फिरवला. खट्! फट गायब.

सलीमभाई उठले आणि स्टूल पुढं सरकवत म्हणाले, "अण्णासाब, आजसे ये आपका."

* * *

दसऱ्याच्या सकाळी शेवटचा बोल्ट बसला. मी डबा बघितला. सहा वाट्या रिकाम्या. सातवीतल्या सटरफटरात मात्र एक बोल्ट.

"एक बी बचा तो चाबी नै लगाने की," सलीमभाई म्हणाले. "फिर खोलो."

फिर खोलो! म्हणजे आणखी दोन रविवार, आणि भंगारवाला उद्या. हे तिथंच पायरीवर बसले. हार माझ्या हातातच राहिला.

"बघू," अण्णांनी हात पुढं केला. बोल्ट बोटांत फिरवला, खिशात टाकला आणि जाऊन पुढच्या सीटवर बसले. "नलू, लाव चावी." मी हार बॉनेटवर घातला आणि स्टिअरिंगमागं बसले.

सलीमभाईंनी डोळे मिटले. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी अशी सुरू झाली की दादाराव पोर्चमध्ये नाचायलाच लागले. "लागली! वहिनी, लागली!"

तिघं मागं कोंबले आणि निघालो. दौलताबादला सीताफळं घेतली. घाटात गाडी एकदाही थांबली नाही, एकदाही नाही! खुलताबादला चहाला उतरलो. हे मला म्हणाले, "आठवा हारही आपणच घालू."

सलीमभाईंचा जीव मात्र खालीवर होत होता. "अण्णासाब, वो बोल्ट कायका था?"

अण्णांनी खिशातून बोल्ट काढला, डॅशबोर्डचा कप्पा उघडून आत ठेवला आणि झाकण लावलं.

"नलू चौथीत होती तेव्हा मी एकट्यानं हे इंजिन उतरवलं होतं. तेव्हाही हाच उरला होता!"