बगळ्याचं ब्लँकेट

आमच्या शेजारच्या काकू ग्राफचा कागद मांडीवर ठेवून क्रोशाने चित्रांची ब्लँकेटं विणतात. एक चौकोन, एक टाका. लोकरीचं एक टोक जरी लोंबत असलं, तरी ब्लँकेट घरच्यांनाही दाखवत नाहीत. सध्या विणत असलेल्या बगळ्याच्या चित्राखाली ‘खाडी वाचवा’ विणा असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, “घोषणा तू दे. पांघरुणात माणसाने झोपायचं असतं.”

खाडीतल्या भरावाविरुद्ध गव्हाणच्या कोळीण मावशी कचेरीसमोर उपोषणाला बसल्या. साहेब फिरकले नाहीत, मावशींना ताप मात्र आला. काकूंनी अर्धवट बगळा मावशींच्या अंगावर घातला. आंदोलनाच्या पत्रकासाठी फोटो घ्यायला मी फोन काढला.

“फोटो नको रे, टोकं लोंबतायत!” म्हणत काकू तिथेच सुईने टोकं आत ओवू लागल्या.

मी फोन ठेवून दुसरी सुई मागितली.

“घे. पण गप्प बस. मावशींचा डोळा लागलाय.”